विश्लेषण : सर्व्हर फुकट, पण बटणं महाग! ओपन सोर्स सर्व्हरचं 'कॉन्फिगरेशन' सोपं व्हायला इतकी वर्षं का लागली?

एप्रिल २०१६मध्ये सिस्को कंपनीच्या 'टॅलोस' या सायबर सुरक्षा गटाने इंटरनेटची चाचपणी केली, तेव्हा सुमारे ३२ लाख संगणक एकाच प्रकारच्या हल्ल्याला बळी पडू शकतात असं आढळलं. जवळपास १,६०० पत्त्यांवर तर हल्लेखोर आधीच येऊन गेले होते. पुन्हा आत शिरता यावं म्हणून त्यांनी २,१०० हून अधिक चोरदरवाजे बसवले होते. बाधितांमध्ये शाळा होत्या, सरकारी कार्यालयं होती, विमान क्षेत्रातल्या कंपन्या होत्या. या सगळ्यांत एकच गोष्ट समान होती. प्रत्येकाच्या संगणकावर 'जेबॉस' नावाचा ओपन सोर्स ॲप्लिकेशन सर्व्हर चालत होता.

गंमत म्हणजे अनेकांना हे माहीतही नव्हतं. शाळांच्या ग्रंथालयांसाठी असलेल्या 'डेस्टिनी' या सॉफ्टवेअरच्या पोटात जेबॉस होता. पुस्तकं देण्याघेण्याची नोंद करणाऱ्या ग्रंथपालबाईंना तो ठाऊक असण्याचं कारणच काय? हल्लेखोरांनीही काही अचाट तंत्र शोधलं नव्हतं. जुन्या जेबॉसची व्यवस्थापनाची पानं इंटरनेटवर उघडी पडली होती आणि ती शोधून आत शिरणारं 'जेक्सबॉस' हे साधन कुणालाही मोफत मिळत होतं. आत शिरलं की 'सॅमसॅम' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर फाइल्सना कुलूप लावून पैसे मागायचं.

ही पानं उघडी राहिली, याचं एक कारण अपडेट न करणं हे होतंच. त्याच्या मुळाशी मात्र एक कंटाळवाणी वाटणारी गोष्ट आहे. सर्व्हरची सेटिंग कशी लिहायची आणि ती कुणी लिहिलीच नाही तर सर्व्हरने काय गृहीत धरायचं, या दोन गोष्टी.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

तुम्ही मोबाइलवर बँकेचं किंवा तिकिटाचं ॲप उघडता, तेव्हा दूरवरच्या एखाद्या संगणकावरचा प्रोग्राम तुमची विनंती घेतो आणि उत्तर पाठवतो. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला फक्त आपल्या कामाचा विचार करायचा असतो: खात्यात शिल्लक किती, सीट रिकामी आहे का. एकाच वेळी हजार जणांचं ऐकून घेणं, डेटाबेसशी जोडणी सांभाळणं, लॉगिन तपासणं, मजकूर कूटबद्ध करणं ही कामं प्रत्येक ॲपला लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून ॲप्लिकेशन सर्व्हर असतो.

मंगल कार्यालयासारखं समजा. लग्न तुमचं; पण स्टेज, स्वयंपाकघर, पाणी, वीज, पार्किंग कार्यालयाचं. आणि सकाळी सहा वाजता स्टेजवरचा पंखा नेमका कुठल्या बटणाने लागतो हे शोधत स्विचबोर्डसमोर उभे असलेले वधूचे मामा म्हणजे सर्व्हर ॲडमिन. त्या स्विचबोर्डला सॉफ्टवेअरच्या जगात कॉन्फिगरेशन म्हणतात.

जावा भाषेच्या जगात मोफत मिळणारे असे सर्व्हर बरेच आहेत: टॉमकॅट, जेबॉस, ग्लासफिश, जेटी. टॉमकॅटची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेल्या कोडपासून झाली आणि १९९९मध्ये ते कोड अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आलं. जेबॉसही त्याच वर्षी मार्क फ्लेरी यांनी सुरू केला. २००६मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. काटेकोर बोलायचं तर टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे, त्यात ठरलेल्या सगळ्या सोयी नाहीत. पण रोजच्या बोलण्यात हा फरक कुणी करत नाही, आपणही इथे तो सोडून देऊ.

दोन ओळी लिहिल्या, तिथेच घात कसा झाला?

जेबॉसमध्ये 'जेएमएक्स कन्सोल' नावाचं एक पान होतं. सर्व्हरच्या आतली जवळपास प्रत्येक गोष्ट तिथून बघता आणि बदलता यायची, अगदी नवं ॲप चढवतासुद्धा यायचं. मोफत मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांत या पानाला पासवर्डच नसायचा. पासवर्ड लावणाऱ्या ओळी फाइलमध्ये लिहिलेल्या होत्या, पण निष्प्रभ करून ठेवलेल्या. कुलूप दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं आणि ते लावायचं काम घरमालकाचं. कुलूप तिथे आहे हे सांगणारी पाटी मॅन्युअलमध्ये.

रेड हॅटच्या विकत मिळणाऱ्या आवृत्तीत कुलूप लावूनच दिलं होतं. खरा घोळ तिथे झाला.

ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो, तिचे काही प्रकार असतात. 'गेट' म्हणजे पान द्या. 'पोस्ट' म्हणजे मी माहिती पाठवतोय, ती घ्या. 'हेड' म्हणजे पान नको, फक्त त्याची वरवरची माहिती सांगा. कन्सोलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पासवर्डच्या नियमाखाली दोन ओळी होत्या, एकीत 'गेट' आणि दुसरीत 'पोस्ट'. वाचणाऱ्याला वाटेल, छान, दोन्ही नेहमीच्या वाटा बंद केल्या. पण जावाच्या त्या वेळच्या मानकात या ओळींचा अर्थ वेगळा होता. तुम्ही विनंतीचे प्रकार लिहिलेत, तर नियम फक्त त्या प्रकारांना लागू. न लिहिलेले प्रकार मोकळे.

सोसायटीच्या वॉचमनला सांगावं की दुचाकी आणि चारचाकीवाल्यांना वहीत सही करायला लावा, आणि त्याने चालत येणाऱ्याला सलाम करून आत सोडावं, तसं. हल्लेखोर 'हेड' प्रकारची विनंती पाठवायचा. सर्व्हर पासवर्ड न विचारता आतलं काम पूर्ण करायचा आणि 'हेड' असल्यामुळे उत्तरात पान तेवढं द्यायचा नाही. हल्लेखोराला पान नकोच होतं, काम हवं होतं.

२०१०मध्ये ही त्रुटी जाहीर झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१०-०७३८. त्यावरचा उपाय होता त्या दोन ओळी काढून टाकणं! ओळी नसल्या की नियम सगळ्या प्रकारांना लागू होतो. म्हणजे कमी लिहिणारा सुरक्षित आणि काळजीपूर्वक जास्त लिहिणारा उघडा. दुरुस्ती आल्यानंतर दीड वर्षाने, ऑक्टोबर २०११मध्ये, दुरुस्त न केलेल्या सर्व्हरवर याच वाटेने एक 'वर्म' पसरला.

याला ॲडमिनची चूक म्हणणं मला पटत नाही. ती फाइल तर सर्व्हर बनवणाऱ्यांनीच लिहिली होती. तज्ज्ञांनाही ज्या भाषेत आपल्या मनातलं बरोबर लिहिता येत नाही, त्या भाषेतच दोष आहे. मानक ठरवणाऱ्यांनी तो पुढे मान्य केला म्हणायला हरकत नाही, कारण २०१३च्या सर्व्हलेट ३.१ या आवृत्तीत 'न लिहिलेले सगळे प्रकार नाकारा' असं सांगणारी एक नवी सूचना आली. मात्र ती ओळही तुम्हीच लिहायची, आपोआप लागू होत नाही.

'पुणे' टाइप केलं, पौंडाचं चिन्ह का आलं?

सगळ्याच डीफॉल्टची किंमत हल्ल्याच्या रूपात मोजावी लागत नाही. काहींची किंमत मराठीने मोजली.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टमध्ये गावाच्या नावावरून माहिती शोधायची होती. इंग्रजीत शोधलं की व्यवस्थित. देवनागरीत 'पुणे' लिहिलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', मध्येच जपानी येनचं चिन्ह, एक ब्रिटिश पौंड. आम्ही तीन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या. तो निर्दोष होता.

झालं असं होतं. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. टॉमकॅट ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या पत्त्याच्या ओळीतून आलेला मजकूर मुळात पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या 'आयएसओ-८८५९-१' पद्धतीने वाचायच्या, जिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून चार चिन्हांच्या 'पुणे'ची बारा चिन्हं झाली, त्यातली दोन तर दिसतसुद्धा नाहीत. उकार आणि मात्रा यांच्या बाइटमध्ये येन लपलेला असतो, 'ण'च्या शेवटच्या बाइटमध्ये पौंड.

उपाय काय होता? 'सर्व्हर डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये कनेक्टरच्या ओळीत एक छोटंसं विशेषण जोडायचं, की पत्ता यूटीएफ-८मध्ये वाच. एवढंच. पण ते कळायला आधी दोष सर्व्हरचा आहे हे कळायला हवं, आणि सर्व्हर तर काही तक्रार करत नव्हता. त्याच्या दृष्टीने बारा परदेशी चिन्हं आली होती आणि त्याने ती प्रामाणिकपणे पुढे पाठवली होती.

टॉमकॅट ८ने हे डीफॉल्ट बदलून यूटीएफ-८ केलं. तरी अर्धं दुखणं उरलंच. पत्त्याच्या ओळीतून येणारा मजकूर नीट झाला, पण फॉर्म भरून 'पोस्ट'ने पाठवलेल्या मजकुराला मानकातला जुनाच नियम लागू होता. त्यामुळे शोध मराठीत चालायचा आणि साठवलेलं नाव मोडायचं, असा चमत्कारही लोकांनी पाहिला. टॉमकॅट १०मध्ये सोबत येणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलनेच दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ ठरवून टाकलं.

जगातली बहुसंख्य माणसं ज्या लिप्यांत लिहितात, त्यांना हे बटण इतकी वर्षं स्वतः शोधून दाबावं लागत होतं.

मुळात इतकी बटणं झालीच कशी?

कुणी एके दिवशी बसून किचकट स्विचबोर्ड बनवत नाही. एखाद्या बँकेला वेगळी वेळमर्यादा हवी असते, एखाद्या विद्यापीठाला वेगळी लॉगिन पद्धत. ओपन सोर्स प्रकल्पात 'यासाठी एक पर्याय द्या' ही मागणी नाकारण्यापेक्षा मान्य करणं सोपं असतं. आणि एकदा दिलेला पर्याय काढता येत नाही, कारण कुठे तरी कुणी तरी तो वापरत असतो.

२०१५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले तियानयिन शू आणि सहकारी यांनी या बटणांचा हिशेब मांडला. त्यांनी ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे, पण त्याच्या शेजारपाजारची सॉफ्टवेअर तपासली: अपाचीचा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल डेटाबेस, हडूप आणि साठवणुकीची एक व्यावसायिक प्रणाली. बहुसंख्य वापरकर्ते बदलतात अशी सेटिंग्ज एकूण सेटिंग्जच्या फक्त ६.१ ते १६.७ टक्के निघाली. उलट क्वचितच कुणी हात लावतं अशा सेटिंग्जचं प्रमाण ५४.१ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे काही ठिकाणी अर्ध्याहून जास्त बोर्ड शोभेचा. पण मामांना पंखा शोधताना सगळीच बटणं चाचपावी लागतात.

दुसरं कारण त्या काळची एक्सएमएलची हौस. २०००च्या आसपास प्रत्येक गोष्ट कंसांनी वेढलेल्या या भाषेत लिहिणं आधुनिक मानलं जायचं. टॉमकॅटचं कोड बांधण्यासाठी डेव्हिडसन यांनीच 'अँट' हे साधन तयार केलं होतं आणि त्याच्या सूचनाही एक्सएमएलमध्ये लिहायच्या असत. पुढे हा निर्णय बरोबर नव्हता असं त्यांनी स्वतःच सांगितलं. यंत्राला वाचायला सोयीची भाषा माणसाला लिहायला सोयीची असतेच असं नाही.

आणि तिसरं कारण, जे ओपन सोर्सवाल्यांना बोललेलं आवडत नाही. सर्व्हर लिहिणारे तो रोज वापरतात आणि त्यांना सगळी बटणं पाठ असतात. नवख्याने विचारलं की 'आधी मॅन्युअल वाचा' हे उत्तर तयार. सॉफ्टवेअर मोफत आणि मदत विकत, असा ज्यांचा धंदा आहे त्यांना किचकटपणा सोयीचाच, असा आरोपही होतो. तो मला पूर्ण पटत नाही. कारण सगळ्यात मोठी साफसफाई केली ती अशी मदत विकणाऱ्या कंपनीच्याच प्रकल्पाने.

जेबॉसने स्वतःचं घर कसं आवरलं?

जुन्या जेबॉसमध्ये सेटिंग्ज अनेक फोल्डरांत, डझनावारी फाइल्समध्ये विखुरलेल्या असायच्या. पोर्ट कुठल्या फाइलमध्ये, डेटाबेस कुठल्या, लॉगिन कुठल्या, हे अनुभवानेच कळायचं. आणि त्या फाइल्समध्ये सर्व्हरच्या आतल्या जावा वर्गांची नावं उघडी दिसायची. वायरमनने भिंत न बुजवता बोर्ड लावल्यासारखं.

जुलै २०११मध्ये आलेल्या जेबॉस ७ने हे मोडून नवं बांधलं. एकट्या सर्व्हरसाठी एकच मुख्य फाइल, 'स्टँडअलोन डॉट एक्सएमएल'. एक्सएमएल राहिलं, पण त्यात आतल्या तारा दिसेनाशा झाल्या. वापरणाऱ्याला जे ठरवायचंय तेवढंच उरलं. सगळी पोर्ट एका यादीत आली. एकाच संगणकावर दुसरा सर्व्हर चालवायचा, तर 'सगळे आकडे शंभराने पुढे सरकव' एवढं सांगितलं की झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८० हे पोर्ट आधीच कुणी तरी बळकावल्याने ज्यांचा टॉमकॅट सुरूच झाला नाही, त्यांना याची किंमत कळेल.

माझ्या मते त्याहून मोठा बदल वेगळा होता. फाइल हाताने बदला, वेबपानावरून बदला किंवा कमांड देऊन बदला, तिन्हींच्या मागे एकच आराखडा आला. कमांडच्या खिडकीत सर्व्हरलाच विचारता येतं की हे सेटिंग कशासाठी आहे, त्यात काय किंमत चालते, न दिल्यास तू काय धरशील. बटणावरची पाटी बटणालाच चिकटलेली. वेबपानावरून केलेला बदल सर्व्हर फाइलमध्ये लिहितो आणि जुनी प्रत इतिहासाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. यात एक खोट राहिली: सर्व्हर फाइल पुन्हा लिहितो तेव्हा ॲडमिनने हाताने लिहून ठेवलेल्या टिपा पुसल्या जातात. आधीच्या माणसाने 'याला हात लावू नका' असं लिहिलं असेल, तर तेही गेलं.

आणि कन्सोलचं काय? फेब्रुवारी २०१२च्या ७.१ आवृत्तीपासून व्यवस्थापनाची दारं मुळातच बंद येऊ लागली. तयार वापरकर्ता नाही, ठरलेला पासवर्ड नाही. आधी वेगळी कमांड चालवून स्वतःचं नाव नोंदवा, मगच आत या. २०१४पासून हाच सर्व्हर 'वाइल्डफ्लाय' या नावाने येतो.

मग २०१६चा हल्ला झालाच कसा? नवीन घर बांधलं म्हणून जुन्या घरात राहणारे आपोआप इकडे येत नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप नव्हतं ते नव्हतंच.

डीफॉल्ट बदललं, तर ॲडमिन का चिडले?

फेब्रुवारी २०२०मध्ये टॉमकॅटमध्ये 'घोस्टकॅट' ही त्रुटी जाहीर झाली. चीनमधल्या चायतिन टेक या सुरक्षा कंपनीने ती शोधली होती. टॉमकॅटला पुढे बसलेल्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी 'एजेपी' नावाची खास वाट असते, ८००९ या पोर्टवर. या वाटेने येणारा आपलाच माणूस, असं टॉमकॅट धरून चालायचा. बऱ्याच जणांना ही वाट लागतही नव्हती, पण ती सुरुवातीपासूनच चालू असायची आणि संगणकाच्या प्रत्येक नेटवर्क पत्त्यावर ऐकत बसायची. बाहेरच्या कुणी त्यावर योग्य शब्दांत विचारणा केली, तर ॲपच्या आतल्या फाइल्स, कधी पासवर्ड असलेल्याही, त्याला वाचता यायच्या.

९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांनी ही वाट डीफॉल्टने बंद केली. ज्यांना हवी त्यांनी ती उघडायची, तीही फक्त त्याच संगणकापुरती, आणि एक गुप्त शब्द ठरवून. निर्णय योग्यच. पण तो आला एका किरकोळ दिसणाऱ्या अपडेटमधून. ज्यांची खरोखरच पुढे वेब सर्व्हर आणि मागे टॉमकॅट अशी रचना होती, त्यांनी अपडेट केलं आणि त्यांची साइट बंद पडली. 'आम्ही काहीच बदललं नव्हतं' ही त्यांची तक्रार अक्षरशः खरी होती.

बदल करायला उशीर झाला की असंच होतं. आधीच्या वर्षांत लाखो ठिकाणी लोक त्या उघड्या वाटेवर विसंबून राहिलेले असतात.

सर्व्हरच ॲपच्या पोटात घातला तर?

ऑक्टोबर २०१२मध्ये एका वापरकर्त्याने 'स्प्रिंग' या जावा प्रकल्पाकडे मागणी नोंदवली: वेगळा सर्व्हर बसवणं, त्याची कॉन्फिगरेशन शिकणं हे नकोच, सगळं एका साध्या प्रोग्राममधून सुरू करता यावं. त्यातून 'स्प्रिंग बूट' उभा राहिला आणि एप्रिल २०१४मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. यात मंगल कार्यालय उलटंच झालं: लग्नघरच्यांनी स्टेज आणि स्वयंपाकघर टेम्पोत घालून सोबत आणलं. टॉमकॅट ॲपच्या आतच बांधलेला येतो. पोर्ट बदलायचं तर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ.

नवख्यांसाठी हा मोठा दिलासा होता, आज जावाची कित्येक नवी कामं यातच होतात. पण बटणं नाहीशी झाली नाहीत, पडद्यामागे गेली. स्प्रिंग बूटमध्ये 'ॲक्च्युएटर' नावाची देखरेखीची सोय आहे: ॲप जिवंत आहे का, मेमरी किती, वगैरे. २०१८च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातली फक्त 'तब्येत' आणि 'माहिती' ही दोन पानं वेबवर डीफॉल्टने उघडी ठेवली गेली. शहाणपणाचं डीफॉल्ट. तरी 'सगळं उघडा' सांगायला एक तारांकित चिन्ह पुरतं. इंटरनेटवरून उचललेली ती एक ओळ घाईत चिकटवली जायची आणि ॲपच्या मेमरीची आख्खी प्रत, पासवर्डसकट, डाउनलोड करता येऊ लागायची.

चुकीची ओळ लिहिली, तर सर्व्हर सांगतो का?

सोपेपणाची खरी परीक्षा चूक झाल्यावर होते. टॉमकॅटमध्ये एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या हे सांगणारं 'मॅक्सथ्रेड्स' सेटिंग आहे. त्यातलं शेवटचं अक्षर गाळून तुम्ही समोर ८०० लिहिलंत, तर टॉमकॅट सुरू होतो. असं काही सेटिंग सापडलं नाही, अशी एक सूचना लॉगमध्ये टाकतो आणि आपले डीफॉल्ट २०० धरून कामाला लागतो. निकालाच्या दिवशी साइट अडखळते, तेव्हा ॲडमिन शपथेवर सांगतो की मी ८०० ठेवलेत.

स्प्रिंग बूटही पोर्टच्या नावात टायपो केला तर मुकाट्याने दुर्लक्ष करतो. मात्र पोर्ट आधीच व्यापलेलं असेल, तेव्हा २०१६च्या १.४ आवृत्तीपासून त्याचं वागणं बदललं. पूर्वी जावाच्या चुकीचा पानभर पाढा यायचा. आता दोन छोटे परिच्छेद येतात, काय झालं आणि काय करा: ८०८० पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने घेतलंय, तो बंद करा किंवा वेगळं पोर्ट द्या. वाइल्डफ्लायच्या नंतरच्या आवृत्त्या फाइलमधली चुकलेली ओळ दाखवून तिच्याखाली खूण करतात आणि तिथे कोणती नावं चालतात तेही सांगतात. यासाठी कुठलं नवं संशोधन लागलं नाही. समोरचा माणूस गोंधळलाय, एवढं गृहीत धरून कुणी तरी बसून वाक्यं लिहिली.

तुमच्या ऑफिसात जुना सर्व्हर असेल तर?

छोट्या संस्थांमध्ये सॉफ्टवेअर बसवून देणारा येऊन जातो आणि पोटातला सर्व्हर वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यामुळे आधी त्याला आवृत्ती विचारा. टॉमकॅट ७साठी अपाचीकडून येणाऱ्या दुरुस्त्या मार्च २०२१मध्ये थांबल्या, ८.५साठी मार्च २०२४मध्ये. 'मग टॉमकॅट १० टाका' हे उत्तर मात्र वाटतं तितकं सोपं नाही. मानकाची मालकी ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, तेव्हा 'जावाएक्स' हे जुनं नाव पुढे वापरता येईना आणि कोडमधली नावं 'जकार्ता' अशी बदलावी लागली. जुनं ॲप त्यामुळे टॉमकॅट १०वर जसंच्या तसं चालत नाही. टॉमकॅट ९वर साधारणपणे चालतं.

दुसरं, ८००९ आणि व्यवस्थापनाची पोर्ट ऑफिसबाहेरून उघडी आहेत का, हे घरच्या इंटरनेटवरून तपासून पाहायला सांगा. ऑफिसात बसून बाहेरचं खरं चित्र दिसणार नाही. आणि मराठी नावं मोडत असतील, तर डेटाबेस बदलण्याचं कोटेशन मागवण्याआधी सर्व्हरच्या फाइलमधली कनेक्टरची ती ओळ पाहायला सांगा.